एकात एक बसवलेल्या कंट्रोल्समधून लूप कसा फिरवावा : विंडोज फॉर्म्स शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

नोंद जतन झाली की पुढच्या नोंदीसाठी फॉर्म कोरा करायचा, इतकेच काम होते. एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीचा तो फॉर्म होता. वर शोधण्याची एक चौकट, खाली तीन टॅब, टॅबमध्ये ग्रुपबॉक्स आणि त्यांच्या पोटात नाव, पत्ता, वारस, ठेवीची मुदत असे रकाने. फॉर्मवरच्या अशा प्रत्येक चौकटीला, टॅबला किंवा बटणाला कंट्रोल म्हणतात. मी फॉर्मच्या कंट्रोल्स या प्रॉपर्टीवर साधा लूप लावला, प्रत्येक टेक्स्टबॉक्स रिकामा केला आणि कार्यक्रम चालवून पाहिला. वरची शोधचौकट तेवढी कोरी झाली. टॅबमधला सगळा मजकूर जसाच्या तसा होता.

हा अडथळा पहिल्याच दिवशी लक्षात आला आणि सुटलाही. खरा त्रास त्यानंतरचा होता. आत उतरणारा लूप लिहिल्यावर सगळे रकाने कोरे दिसू लागले आणि काम झाले असे वाटले. दोन आठवड्यांनी हिशेब तपासताना असे आढळले, की ज्यांनी मुदत ठेव ठेवलेलीच नाही अशा काही सभासदांच्या नोंदीत मुदत ३६ महिने पडली आहे. हा आकडा त्यांच्या आधी नोंदवलेल्या सभासदाचा होता. पडद्यावर रकाना कोरा होता, पण कंट्रोलच्या पोटात जुना आकडा तसाच बसून राहिला होता. असे का होते ते चौथ्या पायरीत सविस्तर सांगितले आहे. कंट्रोल्सच्या झाडात खाली उतरणे सोपे असते. कुठे उतरायचे नाही हे ठरवण्यात मात्र नवशिक्यांची चूक होते, आणि ती चूक टळावी म्हणून हा लेख लिहिला आहे.

लेखातील उदाहरणे सी शार्प डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. व्हिज्युअल बेसिक डॉट नेट वापरणाऱ्यांनाही तीच पद्धत लागू पडते, कारण कंट्रोल्सचे क्लास दोन्हीकडे एकच आहेत. क्लासची आणि मेथडची नावे येथे देवनागरीत लिहिली असली, तरी एडिटरमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टंकावीत.

आधी काय जवळ हवे

- व्हिज्युअल स्टुडिओ. विनामूल्य मिळणारी कम्युनिटी आवृत्ती या कामाला पुरेशी आहे.
- विंडोज फॉर्म्सचा एक वेगळा, मोडतोड करता येईल असा सरावाचा प्रोजेक्ट. हे प्रयोग चालू कामाच्या फॉर्मवर करू नयेत.
- त्या प्रोजेक्टमध्ये एक टॅबकंट्रोल, त्यात दोन ग्रुपबॉक्स, आणि त्यांत टेक्स्टबॉक्स, कॉम्बोबॉक्स, चेकबॉक्स, न्यूमरिकअपडाउन आणि डेटटाइमपिकर हे प्रत्येकी किमान एकेक.
- क्लास, वारसा म्हणजे इनहेरिटन्स, आणि स्वतःलाच बोलावणारी मेथड म्हणजे रिकर्शन यांची तोंडओळख.

१. फॉर्म म्हणजे यादी नव्हे, झाड आहे हे आधी डोळ्यांनी पाहा

फॉर्म हा स्वतःच कंट्रोल या क्लासचा वंशज आहे. प्रत्येक कंट्रोलला कंट्रोल्स नावाची प्रॉपर्टी असते आणि तिच्यात त्याची केवळ थेट अपत्ये असतात, नातवंडे नसतात. सभासदाच्या फॉर्मवरचा पत्त्याचा टेक्स्टबॉक्स ग्रुपबॉक्सचे अपत्य आहे, ग्रुपबॉक्स टॅबपेजचे, टॅबपेज टॅबकंट्रोलचे आणि टॅबकंट्रोल फॉर्मचे. फॉर्मपासून मोजल्यास हा टेक्स्टबॉक्स चौथ्या थरावर आहे, त्यामुळे फॉर्मच्या कंट्रोल्समध्ये तो सापडणारच नाही. उलट दिशेने वर चढायचे असेल, तर प्रत्येक कंट्रोलची पेरेंट ही प्रॉपर्टी वापरता येते.

१९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये ज्यांनी काम केले आहे, ते येथे हमखास अडखळतात. तेथे फॉर्मच्या कंट्रोल्स या संग्रहात फ्रेमच्या आतले कंट्रोलही एकाच सपाट यादीत मिळत असत, इतकेच काय, मेनू आणि टायमरसुद्धा त्यातच असत. २००२ साली डॉट नेट फ्रेमवर्कबरोबर विंडोज फॉर्म्स आले तेव्हा ही रचना बदलली. प्रॉपर्टीचे नाव तेच राहिले आणि अर्थ बदलला, म्हणून जुना कोड जसाच्या तसा आणला की कोणतीही त्रुटी न दाखवता तो अर्धेच काम करतो.

व्हिज्युअल स्टुडिओत फॉर्म उघडा असताना व्ह्यू मेनूतील अदर विंडोज या भागातून डॉक्युमेंट आउटलाइन ही खिडकी उघडा. तिच्यात तुमचा फॉर्म झाडाच्या रूपात दिसेल. कोणता कंट्रोल कोणाच्या पोटात आहे, हे लूप लिहिण्याआधी तेथे पाहून घ्यावे. एखादा टेक्स्टबॉक्स ग्रुपबॉक्सच्या आत आहे असे दिसते, पण प्रत्यक्षात तो ग्रुपबॉक्सच्या वर नुसता ठेवलेला असतो आणि त्याचा पालक फॉर्मच असतो, असा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. ग्रुपबॉक्स थोडा सरकवला आणि टेक्स्टबॉक्स जागीच राहिला, की तो बाहेरचा आहे असे समजावे.

२. पहिला थर : साधा लूप आणि त्यातल्या दोन चुका

आत उतरण्याआधी एका थराचा लूप नीट लिहिता आला पाहिजे. येथे दोन चुका ठरलेल्या असतात.

पहिली चूक म्हणजे फॉरईचमध्ये थेट टेक्स्टबॉक्स हा प्रकार लिहिणे. वाचताना असे वाटते, की हा लूप फक्त टेक्स्टबॉक्स निवडून काढील. तसे होत नाही. लूप प्रत्येक कंट्रोलला टेक्स्टबॉक्स मानू पाहतो आणि पहिले लेबल समोर येताच इनव्हॅलिड कास्ट एक्सेप्शन देऊन थांबतो. लूपमध्ये प्रकार कंट्रोल असा लिहावा आणि आत इज वापरून खरा प्रकार तपासावा, किंवा संग्रहावर ऑफटाइप ही लिंक्यूची (LINQ, म्हणजे संग्रहातून हवे ते निवडण्याची भाषेतली सोय) मेथड लावावी, जी जुळणारेच घटक पुढे देते.

दुसरी चूक व्हॅर लिहिण्याची. हा संग्रह जुन्या पद्धतीचा, म्हणजे आतल्या घटकांचा प्रकार न सांगणारा असल्यामुळे फॉरईचमध्ये व्हॅर लिहिले तर हाती येणाऱ्या घटकाचा प्रकार कंट्रोल न ठरता ऑब्जेक्ट ठरतो, आणि मग टेक्स्ट किंवा नेम या प्रॉपर्टी तेथे दिसत नाहीत. एडिटर काहीच सुचवत नाही असे दिसले, तर कारण बहुधा हेच असते.

३. आत उतरणारी एकच मेथड लिहा

कोरे करण्यासाठी एक, कुलूप लावण्यासाठी म्हणजे रकाने बंद करण्यासाठी दुसरी, रंग बदलण्यासाठी तिसरी अशा प्रत्येक कामासाठी वेगळ्या रिकर्सिव्ह मेथड लिहिलेल्या आढळतात. तसे करू नये. झाडातून फिरण्याचे काम आणि सापडलेल्या कंट्रोलवर करायचे काम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. फिरणारी मेथड एकच असावी आणि तिने कंट्रोल एकामागून एक हाती द्यावेत. तिचा सांगाडा असा :

मेथड सर्वकंट्रोल्स, घेते : मूळ कंट्रोल
– मूळ कंट्रोलच्या कंट्रोल्समधील प्रत्येक अपत्यासाठी :
– – ते अपत्य बाहेर द्या
– – त्या अपत्याच्या आत उतरायचे असेल, तर त्याच्यावर सर्वकंट्रोल्स ही मेथड पुन्हा बोलवा आणि तिच्याकडून जे जे मिळेल तेही बाहेर द्या

सी शार्पमध्ये ‘बाहेर द्या’ या जागी यील्ड रिटर्न येते आणि मेथडचा परतावा कंट्रोल्सचा आयइन्यूमरेबल असतो. एवढे एकदा लिहिले, की पुढे सर्वकंट्रोल्सवर ऑफटाइप लावून फॉर्ममधील सर्व थरांतले टेक्स्टबॉक्स एका ओळीत मिळतात. पॅरामीटर म्हणून फॉर्मच द्यावा लागतो असे नाही. एकाच टॅबपेजपासून सुरुवात केली, तर फक्त त्या पानाचे कंट्रोल मिळतात.

रिकर्शनमुळे स्टॅक भरून जाईल अशी भीती नवशिक्यांना वाटते. कंट्रोल्सच्या झाडाबाबत ती अनाठायी आहे, कारण माणसाने काढलेल्या फॉर्मची खोली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते. तरीही रिकर्शन नको असेल, तर एक स्टॅक घ्यावा, त्यात मूळ कंट्रोल टाकावा, आणि स्टॅक रिकामा होईपर्यंत वरचा कंट्रोल काढून त्याची अपत्ये आत टाकत जावे.

एकच विशिष्ट कंट्रोल नावावरून हवा असेल, तर लूप लिहूच नये. कंट्रोल्स संग्रहावर फाइंड ही मेथड तयार आहे. तिला नाव आणि दुसरा पॅरामीटर म्हणून ट्रू दिले, की ती सर्व थरांत शोधते. ती एक कंट्रोल न देता कंट्रोल्सचा ॲरे देते, तेव्हा तो रिकामा नाही ना, हे तपासल्याशिवाय पहिला घटक उचलू नये.

४. कुठे थांबायचे ते ठरवा

वरच्या सांगाड्यात ‘आत उतरायचे असेल, तर’ असे लिहिले आहे. बहुतेक ठिकाणी मिळणाऱ्या तयार कोडमध्ये ही अट नसते, आणि माझ्या फॉर्ममधली ३६ महिन्यांची चूक नेमकी त्यामुळेच झाली.

सरावाच्या प्रोजेक्टमध्ये अट न घालता झाड छापून पाहा. प्रत्येक थराला थोडे समास सोडून कंट्रोलचे नाव आणि प्रकार आउटपुट खिडकीत लिहा. असे काहीसे दिसेल :

सभासदफॉर्म
– शोधचौकट : टेक्स्टबॉक्स
– टॅबसंच : टॅबकंट्रोल
– – ठेवीचेपान : टॅबपेज
– – – ठेवगट : ग्रुपबॉक्स
– – – – रक्कम : टेक्स्टबॉक्स
– – – – मुदत : न्यूमरिकअपडाउन
– – – – – नाव नाही : अपडाउनबटन्स
– – – – – नाव नाही : अपडाउनएडिट

शेवटच्या दोन ओळी पाहा. हे दोन कंट्रोल तुम्ही फॉर्मवर ठेवलेले नाहीत. न्यूमरिकअपडाउन हा आतून दोन कंट्रोलचा बनलेला आहे : वरखाली जाण्याची बटणे आणि आकडा लिहिण्याची चौकट. त्यातली अपडाउनएडिट ही चौकट टेक्स्टबॉक्सची वंशज आहे. त्यामुळे सगळे टेक्स्टबॉक्स कोरे करणारा लूप तिलाही टेक्स्टबॉक्स समजतो आणि तिचा मजकूर पुसतो. पडद्यावर रकाना रिकामा दिसतो, पण न्यूमरिकअपडाउनची व्हॅल्यू बदलत नाही, कारण रिकाम्या मजकुरातून त्याला कोणताही आकडा वाचता येत नाही आणि तो आधीचाच धरून बसतो. लिपिकाला रकाना कोरा दिसला, त्या सभासदाची ठेव नव्हती म्हणून त्याने तो तसाच सोडला, आणि जतन करताना कोडने व्हॅल्यू वाचली तेव्हा आधीच्या सभासदाचे ३६ महिने हाती आले. यात लिपिकाची चूक काडीमात्र नव्हती.

डेटाग्रिडव्ह्यूच्या पोटातही त्याचे स्वतःचे स्क्रोलबार असतात, आणि एखादा कप्पा संपादनासाठी उघडला असेल तर तेथे टेक्स्टबॉक्सचा वंशज असलेला संपादन कंट्रोलही येऊन बसतो. अनेक कंट्रोल एकत्र करून स्वतः बनवलेल्या यूजरकंट्रोलचेही असेच आहे. समजा पिनकोड आणि गाव यांचा एक यूजरकंट्रोल तुम्ही केला आहे आणि पिनकोडवरून गाव भरण्याची जबाबदारी त्याच्याकडे आहे. बाहेरच्या लूपने आत शिरून त्याची चौकट परस्पर पुसणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरात जाऊन त्याचे कपाट आवरण्यासारखे आहे.

यावर उपाय दोन आहेत. पहिला उपाय म्हणजे ज्यांच्या आत जायचे नाही त्यांची यादी करणे. तो मला पटत नाही, कारण उद्या बाजारातून आणलेला नवा कंट्रोल फॉर्मवर आला, तर त्याचे नाव यादीत घालायचे राहून जाते आणि चूक कळायला पुन्हा दोन आठवडे लागतात. दुसरा उपाय उलटा आहे : ज्यांच्या आत उतरायचे त्यांचीच यादी करणे. ती फार लहान असते. पॅनेल, ग्रुपबॉक्स, टॅबकंट्रोल आणि स्प्लिटकंटेनर ही चार नावे बहुतेक फॉर्मना पुरतात. टॅबपेज, फ्लोलेआउटपॅनेल, टेबललेआउटपॅनेल आणि स्प्लिटकंटेनरचे दोन्ही भाग हे सगळे पॅनेलचेच वंशज आहेत, त्यामुळे इज पॅनेल ही एकच तपासणी त्या सर्वांना लागू पडते. टूलस्ट्रिपकंटेनर वापरत असाल, तर त्याचे नाव वेगळे घालावे.

यूजरकंट्रोलसाठी एक छोटा इंटरफेस लिहावा, ज्यात ‘कोरा करा’ अशा अर्थाची एकच मेथड असेल. तुमच्या प्रत्येक यूजरकंट्रोलने तो इंटरफेस स्वीकारावा आणि स्वतःला कसे कोरे करायचे ते स्वतःच ठरवावे. बाहेरच्या लूपला असा कंट्रोल भेटला, की त्याने ती मेथड बोलवावी आणि आत न उतरता पुढे जावे.

वरची शोधचौकट कोरी होऊ नये, असे वापरणाऱ्यांचे म्हणणे असेल तर? त्यासाठी कोडमध्ये नावे तपासत बसू नये. प्रत्येक कंट्रोलला टॅग नावाची मोकळी प्रॉपर्टी असते. डिझायनरमध्ये शोधचौकटीच्या टॅगमध्ये एखादा ठरलेला शब्द लिहून ठेवावा आणि तो असलेला कंट्रोल लूपने वगळावा.

५. ‘कोरा’ म्हणजे प्रत्येक कंट्रोलसाठी वेगळे काही असते

टेक्स्टबॉक्स, रिचटेक्स्टबॉक्स आणि मास्क्डटेक्स्टबॉक्स या तिघांचा पूर्वज टेक्स्टबॉक्सबेस आहे. त्याच्यावर तपासणी केली, की तिन्हींचे काम एका अटीत होते. चेकबॉक्स आणि रेडिओबटन यांची चेक्ड प्रॉपर्टी फॉल्स करावी. न्यूमरिकअपडाउनची व्हॅल्यू त्याच्या मिनिममइतकी करावी. सरळ शून्य लिहू नये, कारण किमान मुदत १२ ठेवली असेल तर शून्य देताच आर्ग्युमेंट आउट ऑफ रेंज एक्सेप्शन येते.

कॉम्बोबॉक्सच्या बाबतीत सिलेक्टेडइंडेक्स उणे एक करावा. आयटम्सवर क्लिअर बोलावल्यास निवड न पुसता निवडीचे पर्यायच नाहीसे होतात. गावांची यादी दुसऱ्या नोंदीला गायब झाली अशी तक्रार आली, तर प्रथम हेच पाहावे. चेक्डलिस्टबॉक्समध्ये सिलेक्टेडइंडेक्स बदलून खुणा जात नाहीत. त्यासाठी प्रत्येक ओळीवर सेटआयटमचेक्ड बोलावून ती फॉल्स करावी लागते. चेक्डलिस्टबॉक्स हा लिस्टबॉक्सचा वंशज असल्यामुळे त्याची अट लिस्टबॉक्सच्या अटीआधी लिहावी, नाहीतर तिच्यापर्यंत कोड पोहोचतच नाही.

डेटटाइमपिकर कोरा करताच येत नाही, कारण त्यात कायम एक तारीख असावीच लागते. डेटटाइमची सर्वांत लहान किंमत देऊन पाहिली, तर एक्सेप्शन येते, कारण या कंट्रोलला १ जानेवारी १७५३ च्या आधीची तारीख चालत नाही. तारीख ऐच्छिक असेल, तर शोचेकबॉक्स ही प्रॉपर्टी चालू करावी आणि कोरे करताना चेक्ड फॉल्स करावे. तारीख आवश्यकच असेल, तर आजची तारीख घालावी.

आणखी दोन धोके. कोडने मजकूर बदलला तरी टेक्स्टचेंज्ड आणि चेक्डचेंज्ड हे इव्हेंट उठतात. रक्कम बदलली की व्याज काढायचे असे कोठे लिहिले असेल, तर फॉर्म कोरा होताना ती गणितेही चालतील आणि रिकाम्या मजकुराला आकडा समजून कोसळतील. कोरे करण्यापूर्वी एक बूलियन चल ट्रू करावा, इव्हेंटच्या मेथडमध्ये तो पाहून परत फिरावे आणि काम झाले की तो फॉल्स करावा. हे फायनली या भागात करावे, म्हणजे मध्येच एक्सेप्शन आले तरी चल अडकून राहत नाही.

दुसरा धोका डेटा बाइंडिंगचा, म्हणजे रकाने थेट नोंदीशी जोडण्याचा आहे. रकाने बाइंडिंगसोर्सला बांधलेले असतील आणि तुम्ही लूपने मजकूर पुसला, तर तो रिकामा मजकूर समोर उघडलेल्या मूळ नोंदीत जाऊन बसू शकतो. अशा फॉर्मवर हा लूप मुळीच चालवू नये. बाइंडिंगसोर्सवर ॲडन्यू बोलवावे, म्हणजे नवी कोरी नोंद समोर येते आणि जुनी सुरक्षित राहते.

६. एनेबल्ड आणि व्हिजिबल यांच्या उत्तरावर विसंबू नका

या दोन प्रॉपर्टी वाचताना कंट्रोलचे स्वतःचेच उत्तर मिळते असे नाही. त्यात पालकाचाही हिशेब असतो. ग्रुपबॉक्स बंद केला, की आतल्या प्रत्येक कंट्रोलची एनेबल्ड फॉल्स मिळते, जरी तुम्ही त्याला स्वतंत्रपणे बंद केलेले नसले तरी. त्यामुळे कुलूप लावण्यापूर्वीची स्थिती साठवून ठेवायची असेल, तर ती पालकाला बंद करण्याआधी वाचावी.

व्हिजिबलमुळे होणारी चूक आणखी महाग पडते. निवडलेले नसलेल्या टॅबपेजवरील सर्व कंट्रोलची व्हिजिबल फॉल्स असते. ‘दिसणारे रकानेच तपासावेत’ अशी अट घालून लिहिलेली तपासणी उघड्या टॅबपुरतीच चालते आणि बाकीच्या टॅबमधले आवश्यक रकाने रिकामे असूनही नोंद जतन होते. तपासणीच्या लूपमध्ये व्हिजिबल वापरू नये. एखादा रकाना परिस्थितीनुसार लपवला जात असेल, तर त्याची नोंद वेगळ्या चलात ठेवावी.

नोंद फक्त वाचण्यासाठी उघडायची असेल, तर टेक्स्टबॉक्सना एनेबल्ड फॉल्स न करता रीडओन्ली ट्रू करावे. बंद केलेल्या चौकटीतला मजकूर फिकट होतो आणि त्यातून खाते क्रमांक निवडून कॉपीही करता येत नाही. काउंटरवर काम करणाऱ्यांना त्याची दिवसातून अनेकदा गरज पडते.

७. कंट्रोल काढून टाकताना लूप उलटा फिरवा

हप्त्यांच्या ओळी कोडने तयार करून एका पॅनेलमध्ये घातल्या आहेत आणि नव्या कर्जासाठी त्या काढायच्या आहेत, असे धरा. फॉरईचमध्ये प्रत्येक ओळीवर डिस्पोज बोलावले, तर ६ पैकी ३ ओळी तशाच राहतात : दुसरी, चौथी आणि सहावी. डिस्पोज होताच कंट्रोल संग्रहातून निघतो, मागचे घटक एक जागा पुढे सरकतात आणि लूप मात्र पुढच्या क्रमांकावर जातो. इतर अनेक संग्रह अशा वेळी एक्सेप्शन देऊन सावध करतात, पण हा संग्रह मुकाट्याने चालू राहतो, म्हणून चूक शोधायला वेळ लागतो.

शेवटच्या क्रमांकापासून शून्याकडे येणारा फॉर लूप लिहावा. किंवा आधी टूलिस्ट बोलावून वेगळी यादी करावी आणि तिच्यावर फिरावे. तिसऱ्या पायरीतील यील्ड रिटर्नची मेथड वापरत असाल, तर टूलिस्ट अनिवार्य समजावे, कारण ती मेथड फिरता फिरताच संग्रह वाचत असते.

कंट्रोल्सवर नुसते क्लिअर बोलावणे हा सोपा वाटणारा मार्ग आहे, पण त्याने कंट्रोल फक्त पॅनेलपासून सुटतात. त्यांची विंडोजकडची हँडल्स, म्हणजे प्रत्येक कंट्रोलसाठी विंडोजने राखलेल्या ओळखखुणा, मोकळी होत नाहीत. विंडोज एका प्रोसेसला मुळात १०,००० यूजर हँडल्स देते. दिवसभर उघडा राहणारा कार्यक्रम प्रत्येक कर्जामागे पन्नास-साठ हँडल्स अडकवत गेला, तर संध्याकाळच्या सुमारास खिडक्या उघडेनाशा होतात आणि कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये तपशिलाच्या यादीत यूजर ऑब्जेक्ट्स हा स्तंभ जोडून आकडा चढत तर नाही ना, हे पाहता येते.

ओळी पुष्कळ असतील, तर काम सुरू करण्यापूर्वी पॅनेलवर सस्पेंडलेआउट आणि शेवटी रिझ्यूमलेआउट बोलवावे. आणि हे सर्व लूप मुख्य यूआय थ्रेडवरच चालवावेत. दुसऱ्या थ्रेडवरून येत असाल, तर फॉर्मच्या इन्व्होकमधून या.

८. जे या झाडात नसतेच

आपला फॉर्म इंग्रजीतून मराठीत आणताना हा मुद्दा लख्ख कळतो. कंट्रोलचे नाव आणि मराठी मजकूर यांची डिक्शनरी केली, सर्वकंट्रोल्सवर लूप फिरवला, आणि लेबले व बटणे मराठीत आली. मेनू मात्र इंग्रजीतच राहिला. मेनूतील घटक टूलस्ट्रिपआयटम या क्लासचे असतात आणि तो क्लास कंट्रोलचा वंशज नाही. मेनूस्ट्रिपच्या आयटम्समधून सुरुवात करून प्रत्येक घटकाच्या ड्रॉपडाउनआयटम्समध्ये उतरणारी दुसरी छोटी मेथड त्यासाठी लिहावी लागते. डेटाग्रिडव्ह्यूच्या स्तंभांची शीर्षके कॉलम्स या संग्रहात हेडरटेक्स्ट म्हणून असतात, लिस्टव्ह्यूचे स्तंभही वेगळ्या संग्रहात असतात. टूलटिप, एररप्रोव्हायडर आणि टायमर हे घटक डिझायनरच्या खालच्या पट्टीत असतात. तेही कंट्रोल्समध्ये कधीच सापडणार नाहीत.

फक्त दोन भाषा हव्या असतील, तर लूपऐवजी फॉर्मची लोकलायझेबल ही प्रॉपर्टी ट्रू करून लँग्वेजमध्ये मराठी निवडण्याचा तयार मार्गही आहे. त्यात प्रत्येक भाषेची वेगळी रिसोर्स फाइल आपोआप बनते. फाँटसाठी तर लूपची बहुतेक वेळा गरजच नसते. फॉर्मचा फाँट निर्मला यूआय केला, की ज्यांना स्वतंत्र फाँट दिलेला नाही ते सर्व कंट्रोल तो आपोआप घेतात. ज्यांना डिझायनरमध्ये स्वतंत्र फाँट दिला आहे, तेवढेच लूपने बदलावेत. ऑटोस्केलमोड फाँटवर असेल, तर फाँट बदलताच फॉर्मचा आकारही बदलतो. जोडाक्षरे आणि वेलांट्या खालून-वरून कापल्या जात नाहीत ना, हे प्रत्येक टॅब उघडून पाहावे.

९. क्रमाची अपेक्षा करू नका

कंट्रोल्समधला क्रम हा वरून खाली दिसणारा क्रम नसतो, टॅब की दाबत जाण्याचाही नसतो. कोणता कंट्रोल कोणाच्या वर आहे, त्याचा तो क्रम आहे आणि शून्य क्रमांकावर सर्वांत वरचा असतो. डिझायनरमध्ये नंतर टाकलेला कंट्रोल सर्वांत वर येतो, म्हणून लूप अनेकदा उलटा चालल्यासारखा वाटतो. पहिला रिकामा रकाना शोधून कर्सर तेथे न्यायचा असेल, तर प्रत्येक कंटेनरची अपत्ये टॅबइंडेक्सनुसार लावून मग त्यावर फिरावे. त्यासाठी गेटनेक्स्टकंट्रोल ही तयार मेथडही आहे, परंतु ती यूजरकंट्रोलच्या आत उतरत नाही.

१०. कार्यक्रम हाती देण्यापूर्वी हे करून पाहा

प्रत्येक रकान्यात वेगळी, ओळखता येईल अशी किंमत भरा. कोरे करण्याचे बटण दाबा, आणि पडद्यावर काय दिसते त्यावर न जाता नोंद तशीच जतन करून डेटाबेसमध्ये काय गेले ते पाहा. हीच चाचणी दुसरा टॅब कधीच न उघडता पुन्हा करा. नंतर डेटाग्रिडव्ह्यूचा एक कप्पा संपादनासाठी उघडा ठेवून करा. चौथ्या पायरीतील झाड छापणारा कोड प्रोजेक्टमध्ये तसाच राहू द्या, आणि फॉर्मवर नवीन प्रकारचा कंट्रोल आला, की आधी त्याचे पोट छापून पाहा.